शाळेत नवीन लागलात? पुराव्यावर आधारलेलं शिकवणं पहिल्या वर्षात कसं सुरू करायचं

निवड झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत हजर झालात, चौथीच्या वर्गात पुस्तक उघडायला सांगितलं आणि तिथेच लक्षात आलं की अर्ध्याअधिक मुलांना त्या पानावरच्या दोन ओळी सलग वाचता येत नाहीयेत. जवळपास प्रत्येक नवीन शिक्षकाला हे दिसतंच. मलाही दिसलं होतं, आणि तेव्हा मी सरळ चूक केली: तोच धडा आणखी हळू, आणखी मोठ्या आवाजात शिकवत राहिले. दिवाळीपर्यंत सगळे धडे झाले आणि मुलं जिथे होती तिथेच. त्यामुळे हे लिहितेय, म्हणजे तुमचं पहिलं सत्र तरी वाया जाऊ नये.

आधी 'पुराव्यावर आधारलेलं' म्हणजे काय ते बघू, कारण हा शब्द हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येतो. ग्रुपवर एखादा व्हिडिओ आला, वर्ग छान सजवलेला आहे, मुलं नाचतायत, हा पुरावा नाही. पुरावा म्हणजे कुणीतरी भरपूर शाळा घेतल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून काहींमध्ये नवीन पद्धत सुरू केली, बाकीच्यांत नेहमीसारखंच चालू ठेवलं, आणि वर्षाच्या शेवटी दोन्हीकडच्या मुलांना तीच चाचणी देऊन तुलना केली. आणि यातलं एक महत्त्वाचं काम आपल्या मुंबईतच झालंय. 'प्रथम' संस्था मुंबईतच १९९५ च्या सुमारास सुरू झाली, त्यांचा 'बालसखी' म्हणून कार्यक्रम होता, वस्तीतलीच शिकलेली एखादी ताई शाळेत येऊन तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळं घ्यायची आणि वाचन-गणिताचं अगदी मूळ शिकवायची. २००१ ते २००३ दरम्यान मुंबई आणि बडोद्याच्या शाळांमध्ये ते असं तुलना करून तपासलं गेलं आणि मुलं खरंच पुढे गेली. हा अभ्यास करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी दोघं. मूल ज्या इयत्तेत आहे तिथून नाही, ज्या पातळीवर आहे तिथून शिकवायचं, एवढीच त्यातली कल्पना. ऐकायला सोपी आहे, शाळेत बसवायला अवघड आहे, आणि अवघड का आहे ते दुसऱ्या पायरीत सांगते कारण माझ्या मते सगळं तिथेच अडतं.

पहिली पायरी : प्रत्येक मुलाला एकेकटं ऐका

पहिल्या दोन आठवड्यांत दुसरं काही नाही केलं तरी चालेल, हे करा. लेखी चाचणी नको, कारण ज्याला वाचताच येत नाही त्याचा कोरा पेपर तुम्हाला काहीच सांगत नाही. मुलाला बाजूला घ्या, व्हरांड्यात किंवा झाडाखाली, आणि वाचायला द्या. 'असर' म्हणजे मुलांना किती वाचता-मोजता येतं ते गावोगावी घरी जाऊन बघणारं सर्वेक्षण, त्यात २००५ पासून जो कागद वापरतात तसाच आपण हाताने बनवू शकतो, एकाच पानावर चार गोष्टी लागतात: थोडी अक्षरं, थोडे साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो सलग, वाक्य म्हणून वाचला तर गोष्ट द्या. अडखळला तर शब्दांवर या, पाचपैकी चार आले तर मूल शब्दपातळीवर. नाही आले तर अक्षरं, तिथेही तोच नियम. तेही नाही जमलं तर प्रारंभिक. एका मुलाला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

मजकूर पुस्तकातला घेऊ नका. मुलांना धडे पाठ असतात हो, आमच्याकडची एक मुलगी अख्खी कविता बोट फिरवत घडाघडा वाचायची आणि त्यातलाच एक शब्द फळ्यावर सुटा लिहिला की गप्प व्हायची. आणि ऐकताना चूक सुधारू नका, 'अरे एवढंही येत नाही' असं तर चेहऱ्यावरही येऊ देऊ नका, बाकीची मुलं भोवती जमली असतील तर त्यांना खेळायला पाठवा. मूल एकदा घाबरलं की तुम्हाला त्याची भीती मोजायला मिळते, वाचन नाही.

गणिताचंही तसंच: १ ते ९ ओळखता येतात का, मग १० ते ९९, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. एका वहीत नाव, तारीख, वाचनाची पातळी, गणिताची पातळी. चार रकाने बास. मोठमोठे तक्ते आखायला बसलात तर तेच काम होऊन बसेल.

दुसरी पायरी : वेळ राखून ठेवा, आणि ही पायरी गाळू नका

आता जे सांगतेय ते नीट वाचा. ही पातळीनुसार शिकवायची पद्धत बिहारमध्ये शाळांना दिली तेव्हा नुसतं साहित्य दिलं, शिक्षकांना प्रशिक्षणही दिलं, आणि तरी फरक पडला नाही. गावातले स्वयंसेवक जिथे मुलांना वेगळं घेऊन बसले तिथे फरक पडला. मग हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शिक्षकांनीच ते केलं, पण तिथे रोजचा एक तास फक्त याच्यासाठी ठरवला होता, त्या तासात इयत्ता मोडून पातळीचे गट करायचे होते, आणि वरचे लोक येऊन हे होतंय का ते बघत होते. तिथे भाषेत मुलं पुढे गेली. गणितात मात्र तिथे काही दिसलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. म्हणजे शिक्षक तसलेच, मुलं तशीच, पण तास वेगळा काढला होता. प्रशिक्षणात शिकवलेलं आपण 'जमेल तसं' धड्यात घालू म्हणतो ना, ते कधीच जमत नाही, कारण धडा संपवायचा असतो, टाचण दाखवायचं असतं, आणि मध्येच ऑनलाइन माहिती भरायचा मेसेज येतो आणि अर्धा दिवस जातो.

म्हणून पहिल्या पायरीतली वही घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. तक्रार म्हणून नाही, 'सर, तिसरी ते पाचवीत एवढी मुलं शब्दापर्यंतच आहेत, रोज एक तास मिळेल का' असं विचारा. आकडा समोर असला की बोलणं सोपं जातं. निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाचा आधार घ्या, ते २०२१ पासून चालू आहे आणि तिसरीपर्यंत मुलाला अर्थ समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित यावं हेच त्याचं ध्येय आहे, तेव्हा तुम्ही अभ्यासक्रमाबाहेरचं काही मागत नाही आहात.

तास कुठला घ्यायचा? परिपाठ झाला की लगेच. पोषण आहारानंतरचा तास घेऊ नका, अर्धी मुलं पेंगतात आणि काही घरीच राहतात. द्विशिक्षकी शाळा असेल तर दोघांनी मुलं वाटून घ्या, अक्षर-शब्दवाली एका शिक्षकाकडे, परिच्छेद-गोष्टवाली दुसऱ्याकडे. अनुभवी शिक्षकाने खालचा गट घेतला तर उत्तम, कारण तिथे सगळ्यात जास्त कौशल्य लागतं, पण तुम्ही नवीन आहात आणि ते नको म्हणाले तर वाद न घालता तुम्हीच तो घ्या, शिकायला तुम्हालाच मिळेल. सोबतचे शिक्षक तयारच नसतील तर? तर तुमच्या एका वर्गात, तुमच्या एका तासात सुरू करा. महिनाभराने वही दाखवा.

तिसरी पायरी : गटात काय करायचं

गटांना 'हुशार' आणि 'कच्चे' म्हणू नका, 'अ, ब, क'ही नको, मुलांना ते दोन दिवसात कळतं. आम्ही मोगरा, जाई, पळस म्हणतो. आणि गट पक्के नसतात, मूल पुढे सरकलं की त्याच दिवशी गट बदला, परीक्षेची वाट बघू नका.

सुरुवातीची दहा मिनिटं सगळे गट एकत्र. एक गोष्ट तुम्ही वाचा, हावभावासह, आणि त्यावर गप्पा मारा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही बोलता येतं, आणि बोलायला संधी मिळाली की ती मुलं वर्गात परत येतात, म्हणजे मनाने.

मग अक्षर-प्रारंभिक गटाला बाराखडीचा तक्ता. पण नुसतं 'क का कि की' एका सुरात म्हणून घेऊ नका, आडवं वाचा, मग उभं वाचा, 'का खा गा घा', मग बोट कुठेही ठेवा. उभं वाचताना मुलाला कळतं की काना सगळीकडे तेच काम करतो, आणि हे कळलं की पुढचं फार भराभर होतं. मग 'का'पासून सुरू होणारे शब्द तोंडी सांगायचे, जमिनीवर खडूने लिहायचे. एक छोटा परिच्छेद याही गटासमोर रोज ठेवायचा, तुम्ही वाचायचा, त्यांनी बोट ठेवायचं. सगळी अक्षरं येईपर्यंत वाक्य दाखवायचंच नाही ही आपली जुनी सवय सोडा.

शब्द गटाला सगळ्यात चांगलं साहित्य मुलंच देतात. 'काल काय झालं' विचारा. 'आमच्या शेळीला दोन करडं झाली.' हेच फळ्यावर लिहा, जसं बोलले तसं. मूल स्वतःचं वाक्य वाचायला धडपडतं कारण त्यात काय लिहिलंय ते त्याला माहितीये. चार दिवसांत आठ-दहा वाक्यं जमतात, ती कागदावर उतरवली की गावचंच पुस्तक तयार. घरी अहिराणी, कोरकू, पावरी, गोंडी बोलणारी मुलं असतील तर पहिले काही आठवडे त्यांच्याच भाषेतली वाक्यं देवनागरीत लिहा, शेजारी मराठी लिहा. तुम्हाला ती भाषा येत नसेल तर मुलं शिकवतील, आणि गुरुजी-बाई आपल्याकडून शिकतायत हे बघून ती किती बोलायला लागतात ते अनुभवाच.

परिच्छेद-गोष्ट गटाला तुम्ही कमी लागता. गोष्ट वाचा, तिच्यावर तीन प्रश्न तुम्हीच काढा, शेवट बदलून लिहा, आणि नवीन शब्दांची यादी. झालं.

चौथी पायरी : गणित काड्यांनी आणि पैशांनी

मराठी मुलांना संख्यानामांचा खरा त्रास आहे. आपण 'त्रेसष्ट' म्हणतो, कानाला आधी तीन ऐकू येतात आणि मग साठ, आणि लिहायचं उलट, म्हणून मूल ३६ लिहून ठेवतं. 'एकोणपन्नास'मध्ये तर पन्नास ऐकू येतं आणि लिहायचे चाळीस नि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी पद्धतही दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. माझं मत विचाराल तर दोन्ही वापरा. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबराने बांधा, सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्या, त्याला 'साठ आणि तीन' म्हणू द्या, आणि मग 'यालाच आपण त्रेसष्ट म्हणतो'. नाव नंतर बसतं, आधी संख्या हातात यायला पाहिजे.

वजाबाकीत ४२ मधून १७ काढताना गठ्ठा सोडायला लावा. 'हातचा घेतला' हे वाक्य तोंडपाठ असलेली कितीतरी मुलं काय घेतलं ते सांगू शकत नाहीत, गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या केलेलं मूल सांगू शकतं. दहाच्या आणि एक रुपयाच्या खोट्या नोटा-नाण्यांनीही हेच होतं, आणि दुकानात जाणाऱ्या मुलांना ते आधीच येत असतं, फक्त वहीतलं गणित आणि दुकानातलं गणित एकच आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

पाचवी पायरी : बाकीच्या तासांत दोन सवयी

दिवसभर गट करता येणार नाहीत, नेहमीचे धडेही शिकवायचेच आहेत. तिथे दोन गोष्टी लावून घ्या, दोन्हींना भक्कम पुरावा आहे आणि दोन्हींना पैसा लागत नाही.

एक म्हणजे आठवून सांगणं. जर्मनीत एबिंगहाऊस नावाच्या माणसाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरलं जातं. मग उपाय काय? २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. आपण 'उजळणी' म्हणून जे धडा पुन्हा वाचून घेतो ना, ते त्यामुळेच फसवं असतं, त्या वेळी सगळं आल्यासारखं वाटतं. तर तास सुरू होताना पुस्तकं बंद, फळ्यावर चार प्रश्न: दोन कालचे, एक मागच्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा. पाच मिनिटं. मार्क नाहीत, सही नाही, मुलांनी स्वतःच तपासायचं. मार्क दिलेत की ती परीक्षा होते आणि मुलं एकमेकांचं बघून लिहायला लागतात.

दुसरी सवय पाटीची. आपण विचारतो 'समजलं का?' आणि सगळे एका सुरात 'होऽऽ बाई'. त्या 'हो'ला काही अर्थ नाही. किंवा हात वर करणाऱ्या त्याच चार मुलांना विचारतो. परदेशात यासाठी छोटे पांढरे फळे विकत घेतात, आपल्याकडे पाटी आहेच! प्रश्न विचारा, सगळ्यांनी लिहायचं, 'दाखवा' म्हटल्यावर सगळ्या पाट्या एकदम वर. दहा सेकंदात कळतं की किती जणांना आलं आणि कोणती चूक सगळीकडे आहे. मग पुढे जायचं की तिथेच थांबायचं ते ठरवा, हा निर्णय खरा महत्त्वाचा, पाटी फक्त त्यासाठी. ब्लॅक आणि विल्यम या शिक्षण-संशोधकांनी १९९८ मध्ये ढीगभर अभ्यास एकत्र करून जे मांडलं त्याचा गाभा हाच आहे की शिकवता शिकवता तपासा आणि त्यानुसार शिकवणं बदला, नुसतं वर्षाअखेर मोजून काय उपयोग.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांचं रेकॉर्डिंग ऐकून १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात. मनात 'एक गाव, दोन गाव, तीन गाव' म्हणा. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं होतं, थांबाच तरी.

काय सोडून द्यायचं

नवीन करायचं तर वेळ कुठून आणायचा, म्हणून काहीतरी सोडायला लागतं. 'हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं' अशी विभागणी करून वेगवेगळे पाठ बनवायला सांगतात, त्यात वेळ घालवू नका. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी याचा कसून आढावा घेतला आणि अशा विभागणीने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. चित्र, काडी, गाणं सगळं वापरा, पण सगळ्यांसाठी. तसंच फळ्यावरचं प्रश्नोत्तर वहीत उतरवून घेणं निम्म्याने कमी करा. भिंती रंगवण्यात सुट्ट्या घालवू नका, भिंतीवरचं रोज कुणी वाचणार नसेल तर तो नुसता रंग आहे.

सहावी पायरी : सहा आठवड्यांनी परत ऐका

तीच पद्धत, नवीन परिच्छेद. बहुतेक मुलं एक पातळी तरी सरकलेली दिसतील. जी सरकली नाहीत त्यांची वेगळी यादी करा आणि प्रत्येकाचं कारण शोधा, 'लक्ष देत नाही' हे कारण लिहायचं नाही. माझ्या यादीतल्या एका मुलाला फळाच दिसत नव्हता, आरोग्य तपासणीच्या पथकाला दाखवलं, चष्मा मिळाला, महिनाभरात शब्द वाचायला लागला. चार वर्षं तो मुलगा 'मठ्ठ' म्हणून मागे बसला होता, याचं मला आजही फार वाईट वाटतं. काहींची हजेरीच कमी असते. बीड, अहिल्यानगर भागात असाल तर ऊसतोडीला गेलेली मुलं दिवाळीनंतर दिसणार नाहीत ती उन्हाळ्यापर्यंत. अशा मुलांची पातळी जाण्याआधी मोजून ठेवा, त्यांना घरी आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का ते पालकांशी दसऱ्याआधी बोला, आणि तरी गेलीच तर परत आल्यावर इयत्तेच्या धड्यावर बसवू नका, पुन्हा ऐका आणि त्या गटात घ्या.

पूर्ण गटच हलला नसेल तर स्वतःची वही बघा की ठरलेला तास खरोखर किती दिवस झाला. मी अशी खूण करायला लागले तेव्हा पहिल्या महिन्यात चोवीस दिवसांपैकी अकराच दिवस तास झालेला निघाला. पद्धत चुकली की वेळच दिला नाही, हे या खुणांशिवाय कळत नाही.

घरच्यांना सांगताना टक्केवारी सांगू नका. चावडी वाचन घ्या, संध्याकाळी पारावर किंवा मंदिरासमोर मुलांनी चार ओळी वाचायच्या. पण ज्या मुलाची जी पातळी तेच त्याला द्या, जूनमध्ये अक्षरावर असलेल्या मुलीने सगळ्यांसमोर दोन वाक्यं वाचली तर तिच्या आईला काय बदललं ते कुणी समजावून सांगायला लागत नाही. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत बोलायला मिळालं तर तिथेही वहीच दाखवा, आणि जे जमलं नाही तेही सांगा, बाकीच्या नवीन लोकांना त्याचाच जास्त उपयोग होतो.

वर्षाच्या शेवटी, निकालाच्या कामात बुडायच्या आधी, तिसऱ्यांदा सगळ्यांना ऐका. आणि बदली झाली तर ती वही सोबत नेऊ नका, तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकाला हातात द्या, पहिल्या पानावर एवढंच लिहून की कोणतं मूल कुठे पोचलंय आणि तास किती वाजता असतो.